मदत हवी आहे: आंब्याच्या पिवळ्या रोपांत जनुकं (जीन्स) कोणत्या वयाच्या पानात तपासू?

एमएस्सी बॉटनीचा प्रोजेक्ट आहे. कलमासाठी लावलेल्या रायवळ कोयींतून चार रोपं पिवळीधमक आलीत, शिरांसकट, म्हणजे लोह कमी पडलं की शिरा हिरव्या राहतात तसं नाहीये, तरी फेरस सल्फेट दोनदा फवारून बघितलं, काही फरक नाही आणि शेजारच्या पिशव्यांतली रोपं मात्र हिरवीगार. ८०% अ‍ॅसिटोनमध्ये क्लोरोफिल काढून ६६३ आणि ६४५ नॅनोमीटरला रीडिंग घेतलं, खूपच कमी आलं.

आता आरटी-पीसीआरने (जीन किती चालू आहे ते मोजायची पद्धत) तीन जीन्स बघायचेत: जीएलके (क्लोरोप्लास्ट घडवणारे जीन्स चालू करणारा), सीएचएलएच (क्लोरोफिल बनवण्यातला) आणि एलएचसीबी (प्रकाश पकडणाऱ्या प्रथिनाचा). अडचण अशी की आंब्याची कोवळी पालवी मुळातच तांबूस असते, हिरवी व्हायला वेळ लागतो, आणि पिवळ्या रोपांची जुनी पानं कडेने करपतायत. शिवाय क्लोरोप्लास्टच (पेशीतला क्लोरोफिल असलेला हिरवा भाग) बिघडला असेल तर त्याच्याकडून न्यूक्लियसला सिग्नल जाऊन एलएचसीबी आपोआप खाली येतो, मग ते कारण धरायचं की परिणाम?

पानं मोजकीच आहेत, एकदाच तोडता येतील, जीनोम सीक्वेन्सिंगला पैसे नाहीत, आणि ही रोपं मरू द्यायची नाहीयेत. तर सॅम्पल नेमकं कुठल्या अवस्थेत घेऊ, आणि तुलनेसाठी हिरव्या रोपाचं पान दिवस मोजून जुळवू की आकारावरून?