मदत हवी आहे: कायटोसानचे कण देऊनही डेंड्रायटिक पेशी चमकत का नाहीत?

मंडळी, नमस्कार. एमएस्सीच्या प्रकल्पात अडकले आहे, जाणकारांनी मार्ग दाखवावा.

डीएनए लस म्हटलं की अहमदाबादच्या झायडसची झायकोव्ह-डी ही कोविडची लस आठवते. ऑगस्ट २०२१ मध्ये आणीबाणीच्या वापरासाठी मंजूर झालेली, सुईशिवाय त्वचेत सोडायची, तीन डोसांची. असा डीएनए नॅनोकणांत गुंडाळून थेट डेंड्रायटिक पेशींत (बाहेरचं काही गिळून ते प्रतिकारशक्तीला दाखवणाऱ्या पेशी) नेता येतो का, हे मी पाहतेय. माझ्याकडे लस वगैरे नाही हो, जीएफपी या हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाचं प्लाझ्मिड (डीएनएचं छोटं वर्तुळ) आहे. ते केंद्रकात पोचलं की पेशी हिरवी चमकते, एवढंच.

कण कायटोसानचे (डीएनएला धरून ठेवणारा धनभारी पॉलिमर). जेलमध्ये वीज सोडली तरी डीएनए खाचेतून हलत नाही, म्हणजे बांधणी पक्की. एचईके-२९३ या प्रयोगशाळेत वाढवतात त्या मानवी पेशींत सुरेख हिरवं दिसलं. उंदराच्या अस्थिमज्जेतून वाढवलेल्या डेंड्रायटिक पेशींत मात्र ठार अंधार! तीनदा केलं. गाईड म्हणतात कणांना मॅनोज ही साखर जोड, त्या पेशींवर मॅनोजचे रिसेप्टर असतात. पण त्यात महिना जाईल. जोडू का?

प्रतिसाद १:
थांबा. पाहुणा ओटीवरच अडकलाय की माजघरात, ते आधी बघा. प्लाझ्मिडला साय-३ हा चमकणारा रंग जोडा. ठिपके पेशीच्या आत दिसले तर मॅनोजने फार काही साधणार नाही. माझा संशय केंद्रकावर आहे. एचईके भराभर विभागतात, तेव्हा केंद्रकाचं आवरण सुटतं आणि डीएनएला वाट मिळते. डेंड्रायटिक पेशी फारशा विभागत नाहीत. शिवाय कायटोसानचा पीकेए (ज्या पीएचला निम्मा धनभार उरतो तो) ६.५ च्या आसपास, त्यामुळे ७.४ पीएचच्या माध्यमात त्याचा धनभार बराच उतरतो. कण घातल्यावर गुठळ्या होतात का, तेही पाहा.

आणि प्लाझ्मिड ई. कोलायमधून काढताना एंडोटॉक्सिन (जिवाणूच्या आवरणातला एलपीएस) काढलंत ना?

धागाकर्ती:
अरे देवा. साधंच किट वापरलं होतं.

प्रतिसाद १:
मग तिथूनच सुरुवात करा. एलपीएसमुळे डेंड्रायटिक पेशी आधीच प्रौढ होतात आणि प्रौढ झाल्या की आजूबाजूचं गिळणं कमी करतात. एचईकेंना एलपीएस ओळखणारा टीएलआर-४ रिसेप्टर नसतोच, म्हणून तिथे तुम्हाला पत्ता लागला नाही.

धागाकर्ती:
आलं लक्षात. उद्या कणांशिवाय नुसतं प्लाझ्मिड देऊन सीडी-८६ (पेशी प्रौढ झाल्याची खूण) वाढतो का बघते. सोबत काहीच न दिलेल्या पेशी ठेवेन. अजून कुठलं कंट्रोल लागेल का?