फूड सायन्स-न्यूट्रिशनला "स्वयंपाकाचा कोर्स" म्हणणं आता बंद करा

शेडवाला_तासगाव:
भाची आमच्याकडंच राहून शिकली, यंदा बारावी सायन्स झाली, नीटला मार्क कमी पडले. आता ती म्हणते मला फूड सायन्स आणि न्यूट्रिशनला जायचंय, आणि घरात आठ दिवस झाले ह्याच्यावरनंच वाद चाललाय. आमचे आण्णा म्हणतात भाकरी थापायला कॉलेजात कशाला जायचं. बहीण म्हणते नर्सिंग कर, मिरजेत नोकरी तरी लागेल. माझं मत ठाम आहे म्हणून इथं मांडतोय, पटत नसेल तर खोडून काढा. आपल्या भागातल्या पोरांना इंजिनिअरिंगपेक्षा हा विषय जास्त कामाचा आहे आणि आपण तो पोरींचा म्हणून बाजूला टाकलाय.

आमची बेदाण्याची शेड आहे. वीस वर्षं झाली, द्राक्षं आणायची, डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवायची आणि रॅकच्या जाळीवर पसरायची. का बुडवायची म्हणून कुणी विचारलं तर "लवकर वाळतंय" एवढंच आम्हाला माहीत. पोरगी अकरावीत असताना शेडवर आली आणि एक घड बुडवलेला, एक न बुडवलेला असे दोन शेजारी शेजारी ठेवले. न बुडवलेल्या मण्यावर बोट फिरवलं की पांढरट थर निघतो ना, ती म्हणाली मामा हे मेण आहे, द्राक्षाचं पाणी आतच राहावं म्हणून वेलीनंच केलेली सोय, ऑइलनं तो थर सैल होतो म्हणून पाण्याला बाहेर यायला वाट मिळते. दहा दिवसांनी बुडवलेला घड जवळजवळ बेदाणा झालेला आणि दुसरा नुसता सुरकुतून बसलेला. वीस वर्षं हातानं करतोय ते त्या दिवशी डोक्यात शिरलं.

आणि गेल्या साली माल रॅकवर असताना अवकाळी आला, चार दिवस ढग हटले नाहीत, बेदाणा तपकिरी पडला आणि सौद्यात दर निम्म्यावर आला. आम्ही नशिबाला दोष दिला. ती म्हणाली चिरलेलं सफरचंद काळं पडतं तेच हे, फळातलंच एन्झाइम, वाळायला जेवढा उशीर तेवढं त्याला फावतं. आता सांगा, हे शिकणं म्हणजे स्वयंपाक का?

मिरजेची_डाएटिशियन:
दादा, तुमची भाची हुशार दिसते आणि म्हणूनच विरोधात लिहितेय. मी हेच शिकले, बीएस्सी मग एमएस्सी. पहिली नोकरी मिरजेतच एका हॉस्पिटलात, पगार बारा हजार. माझ्याबरोबर लागलेल्या नर्सला माझ्यापेक्षा जास्त होता. पेशंटला बघायच्या आधीच मला सांगितलं जायचं की शुगरवाल्यांचा चार्ट झेरॉक्स करून ठेवा, डिस्चार्जच्या वेळी हातात द्यायचा. जतचा शेतकरी असो नाहीतर विश्रामबागचे रिटायर्ड सर, चार्ट एकच, त्यात ओट्स आणि ब्राऊन ब्रेड. तो शेतकरी मला म्हणाला, ताई हे आमच्या दुकानात मिळत नाही. मी त्याला चार्टच्या मागच्या कोऱ्या बाजूला शाळूची भाकरी, मटकीची उसळ, ताक असं सगळं हातानं लिहून दिलं तर मलाच बोलणी बसली, वेळ लागतो म्हणून.

आणि बाहेर बघा, महिन्याभराचा ऑनलाइन कोर्स करून पावडरचे डबे विकणारा पण स्वतःला डाएटिशियन म्हणवतो. लोक फरक करत नाहीत. २०२१ च्या कायद्यात आमचा पेशा आरोग्यसेवेतला पेशा म्हणून धरलाय हे चांगलंच झालं, पण बारा हजारावर पाच वर्षं शिकलेल्या पोरीला ते सांगून काय उपयोग. विषय वाईट आहे असं मी म्हणतच नाहीये. घरच्यांनी डोळे उघडे ठेवून पाठवावं एवढंच.

शेडवाला_तासगाव:
ताई तुमचं वाचून वाईट वाटलं. पण ह्यात चूक विषयाची की चार्टची झेरॉक्स मागणाऱ्याची?

मिरजेची_डाएटिशियन:
चूक कुणाची का असेना, खोलीचं भाडं मलाच भरावं लागत होतं ना दादा.

हळदपेठ:
मी सांगलीचा, दोन पिढ्या हळदीत. मला स्पष्ट बोलायचंय, राग मानू नका. माल ओळखायला डिग्री लागत नाही. आमचे वडील हळकुंड हातात घेऊन मोडायचे, कट्‌कन आवाज आला तर वाळलेलं, आतला गाभा बघायचे आणि दर बोलायचे. मार्केट यार्डात अजून असंच चालतं. ही पारख दहा वर्षं पोत्यांत बसून येते, वर्गात बसून येत नाही. सांगलीच्या हळदीला २०१८ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं ते शेतकऱ्याच्या आणि पेठेच्या जिवावर.

तेलकट_भडंग:
हळदपेठ, तुमच्या वडलांची पारख मान्य आणि मनापासून मान्य. मी क्वालिटी कंट्रोलला आहे, मसाल्याच्या कंपनीत. अख्खं हळकुंड तुम्ही ओळखाल हो, पण दळल्यावर काय? पिवळेपणा डोळ्याला फसवतो. मेटॅनिल यलो किंवा लेड क्रोमेट असले भेसळीचे रंग घातलेली पूड चांगल्या हळदीपेक्षा जास्त पिवळीधमक दिसते, आणि लेड क्रोमेट म्हणजे शिसं आहे, पोराबाळांच्या मेंदूवर जातं. करक्युमिन, म्हणजे हळदीतला खरा पिवळा घटक, किती हे डोळा नाही सांगत, अर्क काढून स्पेक्ट्रोफोटोमीटरला, म्हणजे अर्क किती उजेड शोषतो ते मोजणाऱ्या मशीनला, ४२५ नॅनोमीटरवर बघावं लागतं. घेणारा बाहेरदेशातला असेल तर तो हळकुंड मोडून बघत नाही, तो रिपोर्ट मागतो.

तासगावच्या माणसाला तर हे मी सांगायला नको. २०१० ला युरोपात आपली द्राक्षं अडकली होती, वेलीची वाढ रोखायला फवारतात त्या क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडले म्हणून. चवीत, रंगात, मण्याच्या साइजमध्ये काही खोट नव्हती. त्या साली किती जणांची घरं बसली ते तुम्ही बघितलंय. ती गोष्ट हातात घड धरून कुणालाच कळली नसती.

हळदपेठ:
२०१० आठवतंय, आमच्या मेव्हण्याची बाग होती. तो मुद्दा घेतला. पण मग लॅबला पाठवा की सॅम्पल, प्रत्येक घरातली पोरगी कशाला शिकवायची?

तेलकट_भडंग:
लॅबमध्ये कोण बसतंय मग? आपलीच कुणाची तरी पोरगी बसणार ना.

वाईचा_जॅमवाला:
मी माणसं कामाला घेणारा, म्हणून माझं वेगळं दुखणं सांगतो. वाईजवळ छोटं युनिट आहे, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी येते, जॅम आणि क्रश करतो. दर सीझनला फूड सायन्सवाले इंटरव्ह्यूला येतात. मी प्रश्न विचारत नाही, टेबलावर रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे साखर मोजायचं यंत्र, ठेवतो आणि जॅमची वाटी ठेवतो, म्हणतो ब्रिक्स सांगा, म्हणजे साखरेचा आकडा. निम्मी पोरं हातात घेऊन उलटसुलट फिरवतात. डिस्टिल्ड वॉटरनं शून्यावर आणायचं, गरम जॅम थेट काचेवर टाकायचा नाही, हे पुस्तकात वाचलेलं असतं पण हाताला माहीत नसतं. जॅमला ६५ च्या वर लागतं, पीएच, म्हणजे आंबटपणाचा आकडा, तीनच्या आसपास लागतो, नाहीतर पेक्टिन, जॅम घट्ट करणारा फळातला घटक, धरत नाही, स्ट्रॉबेरीत तर मुळातच पेक्टिन कमी. एका मुलीनं मात्र चमचा थंड केला, थेंब टाकला, उजेडाकडं तोंड करून वाचलं आणि म्हणाली सर ६१ आहे, अजून उकळायला हवं. ती आज माझं प्रॉडक्शन बघते, माझ्या सख्ख्या पुतण्याच्या वर आहे ती. तिला विचारलं कुठं शिकलीस तर म्हणाली आमच्या मॅडम रोज लॅबमध्ये उभ्या राहायच्या.

म्हणून शेडवाले, तुमच्या दोघांच्या भांडणात मी मध्येच उभा आहे. विषय सोन्यासारखा आहे पण बऱ्याच ठिकाणी शिकवतात ते नुसतं वहीत. लॅब बघितल्याशिवाय फी भरू नका.

कृष्णाकाठची_सून:
मी फार शिकलेली नाही, पलूसकडं राहते. आमच्या सासूबाई म्हणतात खाण्यातलं आम्हाला कोण शिकवणार, आणि खरंच पालेभाज्या, भाकरी, मोडाची मटकी, जेवणात लिंबू, सगळं घरात होतंच. तरी धाकट्या जावेचं हिमोग्लोबिन आठ. गोळ्या चालू, बीट चालू, पालक चालू, सहा महिने आकडा हलेना. सगळे तिलाच म्हणायचे तू खात नाहीस. शेवटी सरकारी दवाखान्यात एक आहारतज्ज्ञ मॅडम आल्या होत्या त्यांनी एकच विचारलं, चहा कधी घेता? हिचं ठरलेलं, जेवण झालं की लगेच कपभर चहा, आणि गोळी पण त्या चहाबरोबरच. त्या म्हणाल्या चहातलं टॅनिन लोह धरून ठेवतं, अंगाला लागूच देत नाही, दीड-दोन तास अंतर ठेवा आणि गोळीबरोबर लिंबूपाणी घ्या. बाकी काही बदललं नाही. तीन महिन्यांनी साडेदहा.

सासूबाईंचं लिंबू बरोबर होतं, चहा चुकत होता. हे घरातल्या कुणाच्या लक्षात आलं नसतं. म्हणून मी म्हणते पोरीला पाठवा.

जुना_मास्तर_विटा:
एका अनुभवावरून एवढं मोठं अनुमान काढू नये असं वाटतं. गावोगावी आशाताई आहेत, त्या पण चहाचं सांगतात, त्याला युनिव्हर्सिटी लागत नाही.

मिरजेची_डाएटिशियन:
सर, आता मी दुसऱ्या बाजूनं बोलते. आशाताईंना ते शिकवलं कुणी? बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागतं हा आकडा हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं काढलाय. शंभर ग्रॅम बाजरीत साडेसहाच्या आसपास लोह आणि तांदळात एक मिलिग्रॅम पण नाही, हे पण त्यांनीच देशभरातले नमुने गोळा करून मोजलं, २०१७ ला ५२८ पदार्थांचे तक्ते काढले. आणि बाजरीतलं सगळं लोह अंगी लागत नाही, त्यात लोह अडवून धरणारं फायटेट असतं, मोड आणले किंवा आंबवलं तर ते कमी होतं, हे पण कुणीतरी मोजल्यावरच कळलं. राष्ट्रीय पाहणीत २०१९-२१ ला महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांत ५४ टक्क्यांना ॲनिमिया निघाला. ह्या कामाला माणसं लागतातच. माझं भांडण पगाराशी आहे, विषयाशी नाही.

जुना_मास्तर_विटा:
५४ टक्के म्हणजे निम्म्याहून जास्त. हे माहीत नव्हतं. तरी पोरींनाच का लोटतात ह्या कोर्सला, ते मला खटकतं.

परभणी_पासआऊट:
सर, ह्यावर जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींचं नाव घ्यायलाच पाहिजे. १९३३ ला त्या बंगळूरच्या विज्ञान संस्थेत गेल्या तर सी. व्ही. रामन यांनी बाई आहे म्हणून नाही म्हटलं, त्या हटल्या नाहीत, मग अटी घालून घेतलं. १९३९ ला केंब्रिजची पीएचडी. परत आल्यावर कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेत काम केलं, तीच प्रयोगशाळा पुढं हैदराबादची संस्था झाली. नीरेवर, म्हणजे ताडामाडाच्या गोड रसावर, काम केलं, गरिबाला परवडेल अशा पोषणावर. दाराशी अडवलेल्या बाईनं उभा केलेला विषय आहे हा, त्याला हलकं समजू नये. आणि पोरांनी पण यावं, आमच्या बॅचला निम्मी पोरं होती.

शेडवाले, एक कामाची गोष्ट. नावं सारखी वाटतात पण रस्ते वेगळे. बीटेक फूड टेक्नॉलॉजी चार वर्षं, सीईटीवर, मशिनरी-प्रोसेसिंगकडं जास्त झुकतं. बीएस्सी न्यूट्रिशन तीन-चार वर्षं, शरीर आणि पेशंटकडं झुकतं. अन्न सुरक्षा अधिकाऱ्याच्या परीक्षेला बसायचं असेल तर पात्रतेत फूड टेक्नॉलॉजी, डेअरी, बायोटेक, मायक्रोबायोलॉजी, बायोकेमिस्ट्री, ॲग्री अशा डिग्र्यांची नावं दिलेली असतात, त्यामुळं कॉलेजच्या पोस्टरवर काय लिहिलंय ते नका बघू, डिग्रीच्या सर्टिफिकेटवर कुठलं नाव छापून येणार ते ऑफिसात विचारा. पोरगी मण्यावरचं मेण बघत बसणारी असेल तर माझ्या मते तिचा ओढा फूड टेककडं आहे. पुढं म्हैसूरच्या सीएफटीआरआयची, म्हणजे केंद्राच्या अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेची, एमएस्सी डोक्यात ठेवा.

शेडवाला_तासगाव:
तुम्ही सगळ्यांनी एवढं मनापासून लिहिलंत म्हणून काय झालं ते सांगतो. काल भाचीला आणि आण्णांना गाडीत घालून दोन कॉलेजं बघून आलो. पहिल्या ठिकाणी लॅबला कुलूप, किल्ली कुणाकडं आहे ते शिपायाला माहीत नाही, आणि काचेतनं बघितलं तर मशीनवरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नाही. तिथं फी जास्त होती. दुसरीकडं गेलो तर पाच-सहा पोरी नाचणीचं पीठ जाळत होत्या, भट्टी साडेपाचशे डिग्रीला, शेवटी कपात चिमूटभर पांढरी राख उरते, तेवढीच त्यातली खनिजं. भाची तिथंच चिकटली. सर्टिफिकेटवरचं नाव विचारलं, लिहून घेतलं. मागच्या बॅचच्या मुली कुठं लागल्या ते पण ताईंसाठी म्हणून विचारलं, तर नऊ जणींची नावं सांगितली, पगार कुणाचा सांगितला नाही.

आण्णा कोपऱ्यात खुर्चीवर गप्प बसलेले. त्यांच्या कोपरीच्या खिशात कायम आपला बेदाणा असतो, तो मूठभर काढून त्यांनी मॅडमपुढं धरला, म्हणाले ह्यात पाणी किती हाय ते सांगा, मी म्हणतो चौदा टक्के. मॅडमनी हसून तो घेतला, बारीक करून दोन डिशमध्ये वजन करून ओव्हनला ठेवला, म्हणाल्या आजोबा, पाणी उडून वजन कमी व्हायचं थांबेपर्यंत परत परत मोजावं लागतं, उद्या या. घरी येईपर्यंत आण्णा काही बोलले नाहीत. रात्री जेवताना भाचीला विचारलं, डिश दोन का ठेवल्या गं? आणि आत्ता पहाटे साडेपाचला अंघोळ करून, टोपी घालून ओट्यावर बसलेत, गाडी काढ म्हणतात.