पॉट ऑफ ग्रीड बंदच राहू द्या

सिडको एन-सात

आपल्या यु-गी-ओ या कार्डांच्या खेळातल्या पॉट ऑफ ग्रीड या बंद कार्डाबद्दल परवा परभणीकरनं लिहिलं होतं: "आपल्या रविवारच्या टेबलावर तरी पॉट ऑफ ग्रीड सोडा. दोन कार्डं उचला, एवढंच तर लिहिलंय त्यावर. वीस वर्षं डांबून ठेवण्यासारखं काय आहे त्यात? बंदीची यादी करणाऱ्यांनी आपलं टेबल कधी बघितलंय का?" खाली लगेच सात-आठ जणांचं "बरोबर, बरोबर". दोन दिवस गप्प बसलो. राहवलं नाही, म्हणून आता नीट लिहितो.

"एवढंच तर लिहिलंय" हेच तर दुखणं आहे. दोन कार्डं घे, बदल्यात काही देऊ नकोस. पॉट ऑफ डिझायर्सही दोनच कार्डं देतो, पण आधी डेकच्या, म्हणजे आपल्या गठ्ठ्याच्या, वरची दहा कार्डं उलटी खेळाबाहेर जातात. गेल्या महिन्यात डाव हरल्यावर मी ती दहा उलटून बघितली, तर ज्या एका कार्डाची शेवटपर्यंत वाट बघत होतो ते वरून तिसरं होतं. पॉट ऑफ एक्स्ट्राव्हॅगन्सला एक्स्ट्रा डेकमधली, म्हणजे बाजूच्या वेगळ्या गठ्ठ्यातली, तीन नाहीतर सहा कार्डं द्यावी लागतात, तीही आपण निवडून नाही, जी लागतील ती. पॉट ऑफ प्रॉस्पेरिटी खेळलं की त्या टर्नला (पाळीला) कार्डाच्या इफेक्टनं कार्ड उचलणं बंद आणि समोरच्याला बसणारं डॅमेज निम्मं. यातलं कुठलंही हातात आलं की थांबावं लागतं, आत्ता टाकू का नको? पॉट ऑफ ग्रीड हातात धरून विचार करत बसलेला माणूस मी आजवर बघितलेला नाही.

हिशेबही करून बघा. चाळीस कार्डांच्या डेकमध्ये एक पॉट असेल तर पहिल्या पाच कार्डांत तो यायची शक्यता साडेबारा टक्के. तीन सोडले तर जवळपास ३४ टक्के, म्हणजे दर तीन डावांत एकदा. "सगळ्यांनाच वापरता येईल, मग अन्याय कसला?" असं कुणीतरी म्हणालं. अरे, डेकमध्ये सगळ्यांच्या असेल, पण त्या डावात हातात एकाच्याच येणार. तिथं खेळ संपला, सोडत सुरू झाली.

आठवीत असताना औरंगपुऱ्यात मित्राच्या गॅलरीत आम्ही कसलीही यादी न मानता खेळायचो. एकदा त्यानं सुरुवात केली. पॉट, त्यातून ग्रेसफुल चॅरिटी (तेही कार्डं उचलायचंच), त्यातून दुसरा पॉट, आणि शेवटी एक्झोडियाचा डावा पाय. पाच तुकडे पूर्ण, म्हणजे डाव तिथंच जिंकला. माझ्या हातातली पाच कार्डं घामानं चिकटली होती आणि त्यातलं एकही मला खाली ठेवता आलं नाही. तो बिचारा काही चुकीचं खेळला नव्हता. पण त्यानंतर दोन वर्षं मी डेकला हात लावला नाही. आपल्या टेबलावर नवीन पोरं येतात, त्यांच्यावर ती वेळ यावी असं मला वाटत नाही.

परभणीकर

दादा, मान ठेवून सांगायलो, पण तुझं सगळं पुस्तकी आहे. पॉट बंद झाला २००५ मधी. तेव्हा ॲश ब्लॉसम नव्हतं. आता समोरचा ॲश टाकून पॉट तिथंच मोडतो. आता लोक एका टर्नमधी दहा-बारा मॉन्स्टर समन करायलेत, म्हणजे बोर्डावर आणायलेत, तिथं दोन कार्डांनी कोणतं आभाळ कोसळायलंय? समोरचे सगळे मॉन्स्टर उडवणाऱ्या राईगेकीबद्दल पण असंच म्हणायचे. वर्षानुवर्षं बंद होतं, मग सुटलं. कोणाचं काय बिघडलं? फेदर डस्टर सुटलं, ब्लॅक लस्टर सोल्जर सुटला. पॉटनंच काय घोडं मारलंय?

अन् खरी गोष्ट ही की तू प्रॉस्पेरिटीचं उदाहरण देतोस, मी प्रॉस्पेरिटी हातात धरून बघितलेलं नाही. माझ्याकडं गाड्यावरची दहा-दहा रुपयांची पाकिटं आहेत, अन् दर दुसऱ्या पाकिटात पॉट निघतो. म्हणजे माझ्याकडं आहे ते बंद, तुझ्याकडं आहे ते चालू. याला यादी म्हणायची?

सिडको एन-सात

राईगेकीला समोर मॉन्स्टर लागतो. रिकाम्या बोर्डावर ते मेलेलं कार्ड. पॉट पहिल्या टर्नला चालतो, शेवटच्या टर्नला चालतो, हरताना चालतो, जिंकताना तर चालतोच.

आणि ॲशचं तूच सांग. तुझ्याकडं ॲश आहे का? माझ्याकडं तीन आहेत. उद्या पॉट सुटला तर तुझा मी अडवीन, माझा तू कशानं अडवणार? ज्याच्यासाठी तू बंदी उठवायला सांगतोस, त्यालाच पहिला मार बसणार आहे.

गोदाकाठ

मधला रस्ता आहे ना गड्यांनो. केऑस एम्परर ड्रॅगन बंद होता, मजकूर बदलला अन् सोडला. पॉटचं पण तसंच करा. आपल्या टेबलापुरता नियम, टर्नला एकदाच अन् डेकमधी एकच. नांदेडला आम्ही चार जण असंच खेळायलोत, कोणी भांडत नाही.

सिडको एन-सात

टर्नला एकदा मिळालं तरी फुकट ते फुकटच. मॅजिक या दुसऱ्या कार्डखेळातलं अँसेस्ट्रल रिकॉल बघा. १९९३ चं कार्ड, एका निळ्या मानाला (माना म्हणजे कार्ड खेळायची किंमत) तीन कार्डं. त्याला निदान एक माना तरी द्यावा लागतो, तरी त्यांच्या व्हिंटेज प्रकारात डेकला एकच आणि लेगसी प्रकारात बंद. पॉटला तेवढंही लागत नाही.

मोसंबी (जालना)

तुम्ही वीस वर्षांपूर्वीच्या कार्डावर भांडताय आणि खरा त्रास कुणी बोलतच नाही. मॅक्स सी! पश्चिमेच्या यादीत ते बंद, जपानच्या यादीत चालतं आणि मास्टर ड्युएल हा फोनवरही खेळता येणारा गेम २०२२ ला आला तेव्हापासून ते त्यात. मी रात्री पोरं झोपल्यावर फोनवर अर्धा तास खेळते. माझा टर्न सुरू होतो, समोरचा मॅक्स सी टाकतो. आता मी जेवढे स्पेशल समन करीन तेवढी कार्डं त्याला. थांबले तर बोर्ड अर्धवट, पुढं गेले तर त्याचा हात दहा कार्डांचा. तुमचा पॉट दोनच देतो, हा किती देईल याला मोजदाद नाही. बंद ठेवायचं तर आधी हे ठेवा. आपल्या टेबलावर याचा नियम काय, हे मी तीनदा विचारलं, एकदाही उत्तर मिळालं नाही.

गोदाकाठ

ताई, मॅक्स सी नसलं तर ते वीस-वीस मिनिटांचे कॉम्बो कोण थांबवणार? मागच्या खेपेला मी समोरच्याचा पहिला टर्न चालू असताना खाली जाऊन चहा पिऊन आलो, तरी त्याचा टर्न चालूच. मॅक्स सी आहे म्हणून माणूस जरा हात आखडता घेतो. ते कार्ड म्हणजे कुंपण आहे.

मोसंबी (जालना)

कुंपण नाही, कुंपणच शेत खातंय. ज्याच्याकडं ते अडवायला ॲश किंवा कॉल्ड बाय द ग्रेव्ह आहे, तो सुटला. बाकीच्यांनी टर्न सोडून द्यायचा. आणि "ताई, ताई" म्हणून समजूत काढू नका, मी तुमच्याइतकेच डाव खेळलेय.

बिंदुसरा

परभणीकर स्वतःच म्हणतो की त्याच्याकडं गाड्यावरची पाकिटं आहेत. म्हणजे नकली. मग पॉट सोडायचा की नाही याच्या आधी नकली कार्डं टेबलावर यायची का, हे ठरवा. खऱ्या कार्डाला उजव्या खालच्या कोपऱ्यात डोळ्याचा चकचकीत चौकोनी शिक्का असतो. नकलीला तिथं नुसता करडा ठिपका, नाहीतर काहीच नसतं. आणि कागद इतका पातळ की स्लीव्हमध्ये (कार्डाच्या प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये) घातला तरी पिसताना बोटाला कळतं. म्हणजे खुणेचे पत्ते झाले ते. मी एकेक खरं कार्ड पुण्याहून कुरिअरनं मागवलंय, दिवाळीचे कपडे न घेता मागवलंय. जमत नसेल तर थोडी जमवा, पण खरी जमवा.

परभणीकर

तू खेळायला येतोस का कार्डं दाखवायला? मी खुणा करून खेळतो म्हणतोस? नाव घेऊन म्हण. तीन वर्षं झाली या टेबलावर येऊन, एक माणूस उभा कर ज्याला मी फसवलं.

बिंदुसरा

तू फसवलंस असं मी म्हणालो नाही. पातळ कार्ड ओळखू येतं म्हणालो. तुला ओळखायचं नसलं तरी बोटाला कळणारच. अंगावर ओढून घेऊ नकोस.

गोदाकाठ

नकलीवर एवढं तोंड टाकू नका बाबा. माळेगावच्या यात्रेत वडलांनी मला पहिलं पाकीट घेऊन दिलं होतं. घोड्यांचा बाजार बघून आलो, अन् वाटेत एका पालात ही पाकिटं टांगलेली. निम्म्या कार्डांवर हल्ल्याचा आकडा एक अन् खाली मजकूर दुसऱ्याच कार्डाचा. इंग्रजी मला येत नव्हतंच. चित्र बघून आम्हीच नियम बनवले. ती नकली पाकिटं नसती तर आज इथं मी नसतो, अन् तुमच्यातले निम्मे नसते.

बिंदुसरा

लहानपणी सगळेच तसे खेळलो. पण आता दोन-दोन जिल्ह्यांतून माणसं भाडं खर्चून येतात, फायनल खेळतात. तिथं काहीतरी शिस्त लागते. खरं डेक जमवायला कष्ट लागतात, ते कष्ट नको म्हणून नकलीला आडोसा द्यायचा, हे मला पटत नाही.

परभणीकर

कष्टाचं तू मला सांगू नकोस. माझ्याकडं खरं डेक होतं. मामानं मुंबईहून आणलेलं स्ट्रक्चर डेक, वर मी दोन वर्षांत जमवलेली साठेक कार्डं, सगळी बिस्किटाच्या डब्यात. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात पाणी पाणी झालं, तेव्हा आमचं गाव गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, काठाला, घरात गुडघ्याच्या वर पाणी होतं. आईनं अन् मी धान्याची पोती उचलली, डबा राहिला. चौथ्या दिवशी उघडला तर कार्डं फुगून एकाला एक चिकटलेली. सोडवायला गेलो की चित्राचा पापुद्रा एका हातात अन् मागचा पुठ्ठा दुसऱ्या हातात. तुझा तो डोळ्याचा शिक्का तेवढा शाबूत होता, पापुद्र्यावर चमकायला. सोयाबीन गेलं त्याच्यापुढं कार्डांचं काय रडायचं, म्हणून कोणाला बोललो नाही. तेव्हापासून गाड्यावरची पाकिटं घेतो. आता सांग कष्ट.

मोसंबी (जालना)

बिंदुसरा, आता तरी दोन शब्द लिही.

बिंदुसरा

पुराचं मला माहीत नव्हतं. "कष्ट नको म्हणून" हे मी लिहायला नको होतं, ते मागे घेतो. जाडीचा मुद्दा मात्र मागे घेत नाही.

मांजरा (लातूर)

उशिरा लिहितोय, सगळं वाचलं. जाडीचा मुद्दा बरोबर आहे आणि त्याला उपायही सोपा आहे. कुठलंही खरं साधं कार्ड घ्यायचं, ज्याला कुणी विचारत नाही असं. त्याच्यापुढं हवं त्या कार्डाची रंगीत झेरॉक्स कापून ठेवायची आणि मागून न दिसणाऱ्या स्लीव्हमध्ये दोन्ही घालायची. फक्त मग सगळ्या डेकमध्ये तसंच करायचं, म्हणजे प्रत्येक स्लीव्हमध्ये एक पुठ्ठा आणि एक कागद. एकही कार्ड वेगळं लागत नाही. मापाला ५९ बाय ८६ मिलिमीटर धरा, साध्या पत्त्यांच्या मापानं कापलं तर स्लीव्हमध्ये जात नाही.

हे मी शिकलो ते नाइलाजानं. बारावीला क्लासच्या होस्टेलवर रेक्टरला माझ्या गादीखाली डेक सापडलं. "पत्ते" म्हणजे जुगार, एवढंच त्यांना माहीत. सगळ्या पोरांसमोर मला उभं केलं, घरी फोन गेला, वडील औशाहून रात्रीच्या गाडीनं आले. मी समजावत होतो की यात पैसे लावत नाहीत, कुणी ऐकलं नाही. डेक परत मिळालं नाही ते नाहीच. नीटची परीक्षा झाली त्या संध्याकाळी मी झेरॉक्सच्या दुकानात जाऊन चाळीस कार्डं छापून घेतली. त्यामुळं झेरॉक्सवाल्याला कुणी कमी लेखलं की माझं डोकं फिरतं.

आता मूळ प्रश्न. पॉट खेळायची हौस असेल तर गोट खेळा. ती जुनी पद्धत, म्हणजे एप्रिल २००५ ची यादी आणि त्या काळापर्यंतचीच कार्डं. त्यात पॉट एक, ग्रेसफुल एक, डेलिंक्वंट ड्युओ एक, सगळं चालतं. ॲश नाही, प्रॉस्पेरिटी नाही, वीस मिनिटांचे कॉम्बो नाहीत, मॅक्स सी पण नाही. परभणीकरच्या पाकिटात जी कार्डं निघतात, त्यातली बरीचशी त्याच काळातली आहेत.

सिडको एन-सात

गोटमध्येही ज्याला पॉट लागतो तो पुढं जातोच, हे मी आधी सांगून ठेवतो. पण तिथं खेळ सावकाश आहे, दोन कार्डांची पिछाडी भरून काढायला वेळ मिळतो, हे मान्य करावं लागेल. महिन्याच्या शेवटच्या रविवारी एक टेबल गोटचं. बाकीच्या टेबलांवर पॉट बंद. माझं मत काडीभरही बदललेलं नाही.

आणि एक चूक माझी. "तुझ्याकडं ॲश आहे का?" हे मी वाद जिंकायला विचारलं होतं. ज्या यादीत तीन ॲशवाला एका बाजूला आणि शून्य ॲशवाला दुसऱ्या बाजूला, तिथं नुसता पॉट बंद करून डाव बरोबरीचा होत नाही, हे परभणीकरचं खरं आहे. मांजराच्या पद्धतीनं केलेली झेरॉक्स माझ्या टेबलावर चालेल. फायनललासुद्धा. मोसंबीताई, तुम्हालाही उत्तर द्यायचं राहिलं होतं. आपण पश्चिमेची यादी लावतो, म्हणून मॅक्स सी बंद.

बिंदुसरा

पिसून बघीन. बोटाला लागलं नाही तर माझी हरकत नाही.

गोदाकाठ

मॅक्स सीवर मी अजून भांडणार आहे, पण समोरासमोर.

परभणीकर

पॉट सुटायला पाहिजे हे माझं म्हणणं कायम आहे. पण झेरॉक्स चालणार असली तर या वेळेला सोडून देतो. रविवारी मराठवाडा एक्स्प्रेसनं येतो. मांजरा, पुठ्ठ्यासाठी साधी कार्डं किती आहेत तुझ्याकडं? मला चाळीस लागतील. माझ्याकडची भिजलेली चालणार नाहीत, ती अजून वाकडीच आहेत.

मांजरा (लातूर)

शंभर आणतो. कात्री तू आण, माझी बोथट झालीय.