घरचा अभ्यास कुणाच्या गळ्यात?

खानापूरकर
"पोर मागं पडलं तर दोष आईबापाचा, रोज दोन तास घेऊन बसा" ही परवाची पोस्ट वाचून डोकं फिरलं. रोप लावणीत दिवसभर चिखलात वाकलेल्या बाईला हे सांगायचं? शिक्षण हक्क कायदा (२००९) उघडा. कलम १० प्रमाणे पालकाचं काम पोराला शाळेत घालणं. मागं पडलेल्याला जादा शिकवणं कलम २४ नं शिक्षकावर टाकलंय.

निपाणीचे गुरुजी
पोस्ट माझीच. कलमं दाखवून वजाबाकी येत नाही ओ. ४०२ वजा १८७ घाला, कितीतरी पोरं ३८५ लिहितात. वर काय, खाली काय न बघता मोठ्यातून लहान काढतात. त्यात मधला शून्य, हातचा घ्यायचा कुठून? शंभराच्या चार नोटा नि रुपयाची दोन नाणी पुढ्यात ठेवा, १८७ मागा. एक शंभर मोडून दहाच्या दहा, त्यातली एक मोडून दहा नाणी. उरतात २१५. हे घरीच होतं, चाळीस पोरांत नाही.

मागवाला, वडगाव
गणिताचं ठीक. पण आपण कर्नाटकात, मराठी शाळेतल्या पोरांना कन्नडही असतं, त्याचं काय? आईला वाचता येत नाही म्हणून शेजारच्या पोरीकडून ओळीखाली देवनागरीत उच्चार लिहून घेतात.

शिकवणीताई, शहापूर
तेच आधी बंद करा! 'एरडु'तला (दोन) ए ऱ्हस्व, 'एळु'तला (सात) दीर्घ. कन्नडात दोन अक्षरं, देवनागरीत एकच. श्रुतलेखनात पोर तिथंच अडकतं. रेफही आपला अक्षराच्या डोक्यावर, त्यांचा अक्षरानंतर. आणि "दहा वेळा लिही" नको. दुसऱ्या ओळीपासून पोर पुस्तक सोडून वरची ओळ बघतं. तिथं ओत्तक्षर, म्हणजे जोडाक्षरात खाली लिहायचं अक्षर, गळालं की दहाव्यापर्यंत गळतं. पाचच शब्द द्या, पुस्तक झाकून लिहायला लावा, मग अक्षराला अक्षर लावून तपासा. आकार जुळतो का एवढं बघायला आईला कन्नड यावं लागत नाही.

खानापूरकर
म्हणजे कन्नडही आईच्याच डोक्यावर? पहिलीपासून कन्नडची सक्ती कर्नाटकच्या २०१५ च्या कायद्यानं आली, तर शिकवायला माणूसही सरकारनंच द्यावा. साठ पोरांपर्यंत दोन शिक्षक हा शिक्षण हक्क कायद्याचाच हिशोब. पाच इयत्ता, दोन मास्तर, वही कोण बघणार?

शिकवणीताई, शहापूर
सक्तीवरचं भांडण वर्षानुवर्षं चाललंय, चालू दे. पोराची वही आज संध्याकाळी उघडायची आहे. तुमच्या भांडणात त्याचं वर्ष जातं, हे का दिसत नाही तुम्हाला?

मागवाला, वडगाव
आवाज चढवू नका ताई. माग रात्री थांबतो, तोवर पोर झोपलेलं असतं. सकाळी अर्धा तास मिळतो, त्यात पाच शब्द बसतील.

खानापूरकर
पाच शब्द, एक वजाबाकी, वीस मिनिटं. एवढं मान्य, नाइलाजानं. पण गुरुजी, "दोष आईबापाचा" हे काढा. आणि एसडीएमसीत, म्हणजे शाळेच्या विकास-देखरेख समितीत, पालकच बसतात, तिथं मास्तर मागायला तुम्हीही या.

निपाणीचे गुरुजी
दोन तास मागे घेतो, एसडीएमसीचंही पटलं. दोष शब्द काढणार नाही. वही न उघडणारा बाप दोषीच.