रात्री घाम आणि मग पंख्याकडे टक : व्यायामाची वेळ, झोप आणि तुमचे अनुभव

रंकाळ्याकाठचा
काल रात्री पावणेबाराला आडवा पडून पंख्याची पाती मोजत होतो. (तीनच असतात, तरी मोजत होतो.) सोसायटीच्या बॅडमिंटन कोर्टावर आमचा स्लॉट नऊ ते साडेदहा. घरी आलो, अंघोळ केली, दोन घास खाल्ले नि पडलो. अंग पार मोडलेलं आणि डोळे टक्क उघडे. उशीला कान टेकला की धडधड ऐकू येते. मनगटावरचं घड्याळ नाडी ८८ दाखवतंय, एरवी त्या वेळी साठच्या आसपास असते.

एकदम थोरला मामा आठवला. कोल्हापुरात तालमीत होता. पहाटे चारच्या आत उठायचं, जोर-बैठका, मग लाल मातीत लढती, मग थंडाई. दुपारी जेवून असा झोपायचा की आम्ही पोरं त्याच्या पोटावर लिंबू ठेवून वर-खाली होताना बघत बसायचो. लिंबू पडलं की हरलो. चारच्या सुमाराला परत मेहनत आणि रात्री नऊला दिवा बंद. मी त्याच्या एक दशांशसुद्धा दमत नाही, तरी जागा!

लिहा तुमचंही. कधी करता, किती दमता, झोप येते का.

अर्धा_कप
माझं दीड वर्ष असंच गेलं. ऑफिसनंतर रात्री आठला जिम, एकपर्यंत तळमळ. व्यायामाला शिव्या देत होतो. मग एकदा जिमआधी घ्यायच्या पावडरच्या डब्यावरची बारीक अक्षरं वाचली. एका चमच्यात २०० मिलिग्रॅम कॅफीन! दिवसभर साठलेलं ॲडिनोसिन मेंदूला 'झोप आता' सांगत असतं, कॅफीन त्याच्याच खुर्चीत जाऊन बसतं. आणि पोटात गेलेलं निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात. म्हणजे रात्री एकला माझ्यात निम्मा चमचा शिल्लक. डबा भावाला दिला. आता तो जागा असतो.

कोथिंबीर_निवडतेय
भाऊ, तो डबा भावाला देताना सांगितलंत का हे? 😄

कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत लिहिते. तुम्हा लोकांना 'स्लॉट' तरी निवडता येतो. सकाळी डबे, संध्याकाळी मुलीचा अभ्यास, आमची वेळ म्हणजे ओटा पुसून झाल्यावर साडेनऊ. मी आणि शेजारची वहिनी खाली अर्धा तास चालतो. भरभर नाही, बोलता येईल इतकंच. दहाला वर, साडेदहाला ठार झोप. मध्ये एकदा व्हिडिओ बघून त्याच वेळी दोरीच्या उड्या सुरू केल्या. चौथ्या रात्री बारा वाजता मी कपाट आवरत होते. दोरी आता गच्चीवर कपडे वाळवायला बांधलीय. शिट्टी झाली, पळते.

ढोल_उजवीकडून_तिसरा
गणपतीआधी दोन महिने पथकाचा सराव. नदीकाठी रात्री साडेनऊपर्यंत, कमरेला ढोल बांधून. घरी पोचायला साडेदहा. हाताला फोड, खांदे गेलेले, आणि डोळे मिटले की ताशा सुरू! आईला वाटायचं पोरगा फोनवर असतो म्हणून जागा. खरंच नव्हतो. बहुतेक वेळा नव्हतो.

लोळण_फुगडी
माझा व्यायाम रात्रभर चालतो. डावी कूस, उजवी कूस, असे तीन सेट.

पाठदुखी_स्पेशल
फिजिओ आहे म्हणून जरा लांबण लावतो. संध्याकाळ उतरली की शरीराचं आतलं तापमानही उतरायला लागतं आणि झोप त्याच उतारावरून येते. पहाटे ते सगळ्यात खाली असतं. साडेदहापर्यंत स्मॅश मारले की आपण ती भट्टी परत पेटवतो. निवायला तास-दीड तास सहज जातो. वर ॲड्रेनलिन. मॅच चुरशीची असेल तर आणखी जास्त. रंकाळेसाहेब, काल हरलात का?

पण 'रात्री व्यायाम नकोच' हे आपल्याकडे फार ठासून सांगतात, ते तितकंसं बरोबर नाही. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये २३ अभ्यास एकत्र तपासले. संध्याकाळच्या व्यायामाने झोप सहसा बिघडलेली दिसली नाही, उलट गाढ झोपेचा वाटा किंचित वाढला. अडचण होती ती झोपेच्या आधीच्या तासाभरात दमछाक करणाऱ्यांची. म्हणजे कोथिंबीरताईंचं चालणं पास, दोरी नापास.

रंकाळ्याकाठचा
@पाठदुखी_स्पेशल हरलो. १९-२१. जोडीदाराने शेवटची सर्व्हिस जाळ्यात घातली. त्या सर्व्हिसचा विचार दीड वाजेपर्यंत केला.

सोळाशे_मीटर
आमच्यात हे उलटं झालतं. भरतीची तयारी, बीडच्या बाजूला. पहाटे चारला रोडवर पळायचं, संध्याकाळी ग्राऊंडवर गोळा, लांब उडी, परत पळणं. पेपर जवळ आला तसं मी दुप्पट केलं. दमलो की झोप लागंल असं वाटायचं, पण झोपच उडाली. पाय गोधडीत आपोआप हलायचे. सकाळी उठल्या उठल्या नाडी मोजायची सवय सरांनी लावली होती, ती रोजच्यापेक्षा दहा-बारानं जास्त. सरांनी वहीत बघितलं आन् बूटच काढून घेतले. चार दिवस नुसतं चालायचं. पहिल्या दिवशी लई राग आला. तिसऱ्या दिवशी दुपारी जेवताना ताटावरच डुलकी लागली. नंतर टायमिंग पण सुधारलं.

कोथिंबीर_निवडतेय
बूट काढून घेणारे सर, नमस्कार सांगा त्यांना. भरती झालात का?

सोळाशे_मीटर
झालो ताई. आता नाईट ड्युटी हाय, झोपेचं नावच काढू नका.

धुक्यातली_मावशी
एडिंबरा. इथे जूनमध्ये दहाला सूर्य मावळतो. पहिल्या वर्षी 'अजून उजेड आहे' म्हणून नऊला पळायला जायचे. गार हवा, छान वाटायचं, आणि मग एक वाजेपर्यंत जागी. पळण्याला दोष देत होते, पण निम्मा दोष उजेडाचा होता. मेंदूला रात्र झाल्याचं कळतच नव्हतं. खिडकीला पोळ्या गुंडाळायची फॉईल चिकटवली. घरमालकीण खालून बघून घाबरली. डिसेंबरात उलटी तऱ्हा, पावणेचारलाच अंधार. जेवणाच्या सुट्टीत बाहेर चालून येते. दुपारचा तो उजेड मिळाला नाही तर त्या रात्री फरक कळतो.

माउली_माउली
एकदाच वारीला गेले, आळंदीहून. पुणे-सासवड म्हणजे मधला दिवे घाट आणि सगळ्यात लांबचा टप्पा. तंबूत बावीस बायका, शेजारी घोरण्याची भजनी मंडळी, खाली खडे. पाठ टेकली ते कुणीतरी पहाटे चहाला उठवलं तेव्हाच कळलं. घरी ऑर्थोपेडिक गादीवर मात्र दोनला जाग.

लोळण_फुगडी
गादी विकायची आहे का?

रंकाळ्याकाठचा
एवढ्या लोकांनी लिहिलं, आभार. प्रयोग सुरू केलाय. सिंगल्स बंद, शेवटचा गेम पावणेदहाला संपवायचा, मग कोर्टाभोवती चार फेऱ्या. काल साडेअकराला नाडी ७१. झोप पावणेबाराला लागली असावी, कारण त्यानंतरचं आठवत नाही. सकाळी सहाचा स्लॉट रिकामा आहे, पण तिथे ज्येष्ठ मंडळी असतात आणि खेळापेक्षा मेंटेनन्सवर बोलतात.

अर्धा_कप
मामांच्या थंडाईत काय असायचं? विचारून सांगाल का?

रंकाळ्याकाठचा
फोन केला. रात्री भिजवून सोललेले बदाम, बडीशेप, मिरी, वेलची, खसखस. सगळं कुंडीत घोटायचं, मिक्सर नाही. घोटणारा पोरगा त्यातच दमायचा म्हणे.

कोथिंबीर_निवडतेय
खसखस?? आणि तुम्ही इथे नाडी मोजताय!

पाठदुखी_स्पेशल
ताई, एवढ्या खसखशीने काही होत नाही.

कोथिंबीर_निवडतेय
आमच्याकडे अनारसे झाले की सगळे झोपतात.

लोळण_फुगडी
पत्ता?