प्रतिसाद: तंबाखू आणि ‘रक्तातला’ कॅन्सर

‘आजोबांनी नव्वदीपर्यंत तंबाखू मळली, काही झालं नाही, कॅन्सर रक्तातच (म्हणजे घराण्यातून आलेला) असावा लागतो’ हे म्हणणं आमच्या निपाणी-चिकोडीकडे घरोघरी ऐकू येतं. अहो, आईवडिलांकडून आलेल्या जनुकदोषामुळे होणारे कॅन्सर साधारण ५ ते १० टक्केच. बाकीचे बिघाड पेशींत आयुष्यभर साचत जातात. तंबाखू सुकवताना, मुरवताना पानातच नायट्रोसामाइन्स ही कर्करोगकारक रसायनं तयार होतात आणि शरीरात गेल्यावर ती डीएनएला इजा करतात. त्यात पी-५३सारखं, पेशींच्या वाढीला लगाम घालणारं राखणदार जनुक बिघडलं की पेशी आवरत नाही. आजोबांच्या शरीराने डागडुजी निभावली असेल, नातवाचं निभावेलच असं नाही. (नुसती सुपारीही सोवळी नाही बरं, तीही कर्करोगकारकांच्या यादीत आहे.) गुटखा खाणाऱ्या पोरांना तोंडात तीन बोटं उभी घालून बघायला सांगा. जात नसतील तर तोंड आखडत चाललं असेल, आधी दाताच्या डॉक्टरकडे न्या, वाद नंतर घालू.