कोरडी आणि लगेच चिडणारी त्वचा: रोज काय लावावं, काय सोडावं?

धागाकर्ती

नमस्कार. वय ३६. त्वचा लहानपणापासून कोरडीच, पण गेल्या पाच-सहा महिन्यांत फार हळवी झाली आहे. तोंड धुतलं की दोन मिनिटांत गाल ओढल्यासारखे होतात. हनुवटीवर पापुद्रे सुटतात, आणि आता तर साधं मॉइश्चरायझर लावलं तरी चुरचुरतं.

सध्या काय करते ते सगळं सांगते. सकाळ-संध्याकाळ भरपूर फेस येणारा फेसवॉश, आठवड्यातून दोनदा स्क्रब, ग्लायकोलिक अ‍ॅसिडचा (मृत पेशी काढणारा) टोनर, सकाळी व्हिटॅमिन सी सीरम, रात्री एकाआड एक दिवस रेटिनॉल (व्हिटॅमिन ए चा एक प्रकार), वरून हलकं जेल. एखाद्याने आग झाली की ते बदलून दुसरं आणायचं, असं तीन महिन्यांत सात वेळा झालं. आरशात बघायचाही कंटाळा येऊ लागलाय. रोज पाळता येईल असं साधं काहीतरी सुचवा.

प्रतिसाद १

ताई, आधी नवीन काही आणणं थांबवा. तुमची यादी वाचून मला वाटतं की त्वचेला कमी काही पडत नाहीये, तिच्यावर फार जास्त मारा होतोय.

त्वचेचा सगळ्यात वरचा थर केसापेक्षाही पातळ असतो. मृत पेशी विटांसारख्या रचलेल्या आणि त्यांच्या फटींत स्निग्ध लेप: सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल, फॅटी अ‍ॅसिड. हा लेप आतलं पाणी उडू देत नाही आणि बाहेरचं काही आत शिरू देत नाही. फेसवॉश, स्क्रब, टोनर आणि रेटिनॉल मिळून तुम्ही तो दर दिवशी थोडा थोडा खरवडताय. फटी उघड्या पडल्या की साधं क्रीमही झोंबतं. म्हणून प्रत्येक वेळी दोष क्रीमचाच असतो असं नाही.

चार ते सहा आठवडे स्क्रब, टोनर, व्हिटॅमिन सी आणि रेटिनॉल पूर्ण बंद ठेवा. त्वचेचा वरचा भाग नव्याने तयार व्हायलाच साधारण चार आठवडे लागतात, त्यामुळे आठव्या दिवशी फरक दिसला नाही तरी धीर सोडू नका.

सकाळी नुसतं कोमट पाणी. फेसवॉश नको. मग मॉइश्चरायझर, मग सनस्क्रीन.

रात्री सनस्क्रीन आणि धूळ काढायला साबण नसलेला, बिनवासाचा, फेस न येणारा किंवा अगदी कमी येणारा क्लेन्झर. त्वचेचा सामू, म्हणजे पीएच, साधारण ५ च्या आसपास असतो आणि नेहमीच्या साबणाचा ९ ते १०. म्हणून साबणाने धुतल्यावर जो 'स्वच्छ' ताण जाणवतो तो चांगला नव्हे. टॉवेलने घासू नका, टिपा. चेहरा अजून दमट असतानाच क्रीम लावा, पूर्ण वाळेपर्यंत थांबू नका. हनुवटीसारख्या फार सुकणाऱ्या जागी त्यावर पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवा. पाणी अडवून धरण्यात तिला तोड नाही, आणि तिची अ‍ॅलर्जी फार क्वचित होते.

क्रीम निवडताना पुढची जाहिरात वाचू नका, मागची यादी वाचा. जो घटक जास्त तो आधी लिहिलेला असतो. ग्लिसरीन वरच्या चार-पाचांत असावं, सिरॅमाइड असेल तर उत्तमच. जेलपेक्षा घट्ट क्रीम बरं. हायल्युरॉनिक अ‍ॅसिड पाणी धरतं, पण ते एकटं पुरत नाही, वरून क्रीम हवंच. युरिया ५ ते १० टक्के चांगला, पण आत्ता तुमच्या चेहऱ्याला झोंबेल, तो हातापायांसाठी ठेवा.

आणि 'अनसेंटेड' म्हणजे सुगंधमुक्त नव्हे! मूळ वास झाकायलाही सुगंधी द्रव्य घातलेलं असू शकतं. 'फ्रॅग्रन्स-फ्री' लिहिलेलं शोधा आणि यादीत 'परफ्यूम' नाही ना, ते बघा.

प्रतिसाद २

वरच्याला +१. माझी भर एवढीच: अंघोळीचं पाणी. मला कडकडीत पाण्याची सवय होती, क्रीमं बदलून थकले. कोमट पाणी, पाच-दहा मिनिटांत अंघोळ आणि अंग ओलसर असतानाच क्रीम, एवढ्याने पायांवरची खाज गेली.

प्रतिसाद ३

एवढी रसायनं कशाला? मी रात्री ऑलिव्ह तेल लावते, वरून लॅव्हेंडर तेलाचे दोन थेंब. नैसर्गिक असल्यामुळे धोका नाही.

प्रतिसाद १

तुम्हाला मानवत असेल तर आनंद आहे, पण धागाकर्तीला मी हे सुचवणार नाही. ऑलिव्ह तेलात ओलेइक अ‍ॅसिड भरपूर असतं आणि ते त्याच स्निग्ध लेपाची वीण सैल करतं. तेलच हवं असेल तर सूर्यफुलाचं त्यापेक्षा बरं, कारण त्यात बहुधा लिनोलेइक अ‍ॅसिड जास्त असतं. लॅव्हेंडर, टी ट्री ही सुवासिक तेलं तर अ‍ॅलर्जीची ओळखीची कारणं आहेत. लिंबाचा रसही नैसर्गिकच, पण त्याचा सामू २ च्या जवळ. चिडलेल्या गालावर तो लावायची कल्पनाही नको.

प्रतिसाद ४

मी हे कळकळीने लिहितेय. माझीही अशीच आग व्हायची. ओळखीतल्या एकीने एक ट्यूब दिली. चार दिवसांत चेहरा तुकतुकीत. वर्षभर लावली. सोडली की दोन दिवसांत आधीपेक्षा जास्त लाली, पुटकुळ्या आणि दाह, म्हणून पुन्हा तीच. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं की त्यात स्टेरॉइड आहे आणि त्वचा पातळ झाली आहे. त्यातून बाहेर यायला मला कित्येक महिने लागले.

ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन असं काही दिसलं तर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय चेहऱ्याला लावू नका. डॉक्टर ठरावीक दिवसांसाठी देतात तेव्हा ते औषधच असतं, त्याला घाबरू नका. कुणाच्या सांगण्यावरून लावू नका, एवढंच.

प्रतिसाद ५

पुरुषांसाठी थोडं: दाढी अंघोळीनंतर करा, केस मऊ असतात. अल्कोहोलवालं आफ्टरशेव्ह सोडा.

माझे पापुद्रे नाकाच्या कडांना आणि भुवयांत होते, पिवळट आणि तेलकट. मी कोरडेपणा समजून वर्षभर क्रीम थापत बसलो. निघाला सेबोऱ्हिक डर्मटायटिस, म्हणजे तेलकट जागी होणारा त्वचेचा दाह, त्याला बुरशीविरोधी मलम लागलं. म्हणून पापुद्रे कुठे आहेत, कसे आहेत ते नीट बघा.

नवीन वस्तू थेट चेहऱ्यावर नको. कोपराच्या आतल्या बाजूला, एकाच जागी, दिवसातून दोनदा, निदान सात दिवस लावून बघा. अ‍ॅलर्जी उगवायला वेळ लागतो, एका रात्रीत काही झालं नाही म्हणजे पास असं नाही.

प्रतिसाद १

५ नंबरचा मुद्दा फार महत्त्वाचा. खाजेने झोप मोडत असेल, भेगांतून रक्त येत असेल, पाणी झरत असेल किंवा पिवळी खपली धरत असेल तर घरचे प्रयोग थांबवून त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. सावळ्या त्वचेवर दाह लाल दिसेलच असं नाही. तो तपकिरी, जांभळट किंवा राखाडी दिसतो आणि म्हणून दुर्लक्षिला जातो. सगळ्या अंगाची त्वचा अचानक सुकली आणि सोबत थकवा असेल तर थायरॉइडही तपासून घ्या. नेमकं काय सोसत नाही हे कळत नसेल तर डॉक्टर पाठीवर पॅच टेस्ट करतात. संशयित घटक लावलेल्या पट्ट्या ४८ तास ठेवतात आणि नंतरही एकदा बघतात.

धागाकर्ती (सात आठवड्यांनी)

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. सगळं बंद केलं. पहिले दहा दिवस काहीच फरक नव्हता, रोज वाटायचं की निदान सीरम तरी लावावं. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी लक्षात आलं की क्रीम लावलं आणि चुरचुरलं नाही. आता पापुद्रे गेले आहेत, गाल थंडीत अजून ओढतात.

दोन प्रश्न. सनस्क्रीन डोळ्यांच्या कडेला झोंबतं, काय करू? आणि रेटिनॉल परत सुरू करता येईल का?

प्रतिसाद १

वाचून खूप बरं वाटलं! झिंक ऑक्साइडवालं सनस्क्रीन बघा, एसपीएफ (उन्हापासून संरक्षणाचा आकडा) ३० किंवा जास्त. चेहरा आणि मान मिळून दोन बोटं भरतील एवढं घ्या. पांढरट दिसत असेल तर रंग घातलेलं मिळतं.

रेटिनॉलला अजून एक महिना द्या. मग सगळ्यात कमी तीव्रतेचं, आठवड्यातून एकदाच, आधी क्रीम लावून त्यावर. त्या काळात दुसरं काहीही नवीन नको, नाहीतर आग झाली तर कशाने झाली ते कळणार नाही. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर रेटिनॉल मुळीच नको.

धागाकर्ती

तसं काही नाही. आणि रेटिनॉल थंडी संपेपर्यंत कपाटातच राहू दे. झिंकवालं आणलंय, आजपासून कोपराच्या आत सात दिवस.